ट्रेडिंग बॉट खरंच चालू आहे का, हे पोस्टमनवरून कसं बघायचं

पावसाळ्यात सांगलीत सकाळी उठलं की पहिला प्रश्न ठरलेला, आयर्विनला (कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी) पाणी किती? ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळेतल्या पोरांना पण पाठ आहेत, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हापासून तर नुसता आकडा कोणी ऐकून घेत नाही, लगेच पुढचा प्रश्न येतो, "किती वाजताचं हाय हे?" कारण रात्री ११ चा ३८ फूट हा आकडा पहाटे ५ ला कुणी फॉरवर्ड केला तर तो खोटा नसतो पण त्याच्यावर घरातलं सामान वर चढवायचं का नाही हे ठरवता येत नाही.

बॉटचं अगदी हेच आहे. माझा एक मित्र मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर बसतो, त्याने घरच्या जुन्या लॅपटॉपवर क्रिप्टोचा बॉट, म्हणजे आपोआप नाणी घेणारा-विकणारा प्रोग्राम, लावलाय आणि दर दोन दिवसांनी त्याचा मेसेज येतो, "भावा, बॉट चालू हाय का बघ की जरा." मी त्याला दरवेळी बघून सांगायचो, मग एकदा बसून शिकवलं, आणि तेच इथे सविस्तर लिहितोय म्हणजे बाकीच्यांना पण उपयोग होईल.

मी सांगतोय ते फ्रेकट्रेडसाठी. पायथॉनमध्ये लिहिलेला फुकट आणि ओपन सोर्स बॉट आहे, बरेच जण हाच वापरतात, आणि ह्याच्यात आत एपीआय, म्हणजे बाहेरून बॉटला प्रश्न विचारायची सोय, तयार असतो, फक्त चालू करायचा. दुसरा बॉट असेल तर एंडपॉइंटची (एकेका प्रश्नाच्या पत्त्याची) नावं बदलतील पण बघायचा क्रम हाच राहील.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या कारण ह्याच्यामुळेच हा सगळा खटाटोप करायचा. फ्रेकट्रेडमध्ये स्टॉपलॉस, म्हणजे ठरवलेल्या तोट्याला आपोआप विकायचा नियम, बाय डिफॉल्ट बॉट स्वतः सांभाळतो, एक्स्चेंजवर (जिथे नाण्यांची खरेदी-विक्री होते तिथे) ऑर्डर लावून ठेवलेली नसते. कॉन्फिगमध्ये (बॉटच्या सेटिंगच्या फाईलमध्ये) ऑर्डर टाइप्सखाली स्टॉपलॉस ऑन एक्स्चेंज असं एक सेटिंग आहे ते ट्रू केलं आणि तुमच्या एक्स्चेंजला ते चालत असेल तरच ऑर्डर तिकडे जाऊन बसते. नाहीतर बॉट मेला की स्टॉपलॉस पण मेला. तुम्हाला वाटतं ५ टक्क्यांवर आपण सेफ आहोत, आणि तिकडे विकणारा कोणी जागाच नाही.

आता सुरुवात. एक सूचना, खाली पत्ते आणि शब्द मी मराठीत लिहितोय पण टाईप करताना ते इंग्रजीत करायचे, पत्ते सगळे स्मॉल लेटरमध्ये, मधे स्पेस द्यायचा नाही, आणि जिथे अंडरस्कोर आहे तिथे मी तसं सांगेन.

बॉटच्या कॉन्फिग फाईलमध्ये एपीआय सर्व्हर नावाचा एक भाग असतो. त्यात इनेबल्ड ट्रू करायचं, लिसन आयपी १२७.०.०.१ (म्हणजे हेच मशीन) ठेवायचा, पोर्ट ८०८०, आणि युजरनेम पासवर्ड स्वतःचा टाकायचा. नमुना फाईलमधला पासवर्ड तसाच ठेवणारे मी स्वतः बघितलेत, कृपा करून असं करू नका, हा पासवर्ड ज्याच्या हातात तो तुमचे सगळे ट्रेड एका रिक्वेस्टमध्ये विकू शकतो. त्याच भागात जेडब्ल्यूटी सीक्रेट की असते तिथे पण लांबलचक काहीही रँडम टाका, लक्षात राहायची गरज नाही, एकदा टाकलं की विषय संपला. मग बॉट रीस्टार्ट.

डॉकरवर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवायची सोय) चालवत असाल तर इथे हमखास अडकाल, म्हणून थांबून सांगतो. कंटेनरच्या आत १२७.०.०.१ म्हणजे कंटेनर स्वतः, तुमचा लॅपटॉप नाही, त्यामुळे डॉकरमध्ये लिसन आयपी ०.०.०.० द्यावा लागतो. पण मग बाहेरून कोणीही येऊ नये म्हणून डॉकरच्या सेटिंगच्या कंपोज फाईलमध्ये पोर्टच्या ओळीत पुढे १२७.०.०.१ लावून मग ८०८० कोलन ८०८० असं लिहायचं. म्हणजे आतून उघडं पण घराच्या उंबऱ्यापर्यंतच. फक्त ८०८० कोलन ८०८० लिहिलं आणि बॉट भाड्याच्या सर्व्हरवर असेल तर तुमचा बॉट जगासमोर उघडा पडला असं समजा.

मग लॅपटॉपवर पोस्टमन घ्या, एपीआयला रिक्वेस्ट पाठवून उत्तर बघायचं ॲप. ब्राउझरमधला नको, डेस्कटॉप ॲप घ्या, कारण आपल्याच मशीनवरच्या पत्त्याला रिक्वेस्ट पाठवायची तर ब्राउझरवाल्याला वेगळा एजंट लावावा लागतो, उगाच डोक्याला ताप. एक नवीन कलेक्शन बनवा, त्याच्या ऑथोरायझेशन टॅबमध्ये बेसिक ऑथ निवडा आणि तिथेच एकदा युजरनेम पासवर्ड टाका, मग आत बनवलेल्या प्रत्येक रिक्वेस्टला इनहेरिट फ्रॉम पॅरेंट ठेवलं की परत परत टाकावं लागत नाही. पोस्टमनमध्ये लॉगिन केलेलं असेल तर कलेक्शन त्यांच्या क्लाऊडवर सिंक होतं हे ध्यानात ठेवा, त्यामुळे एक्स्चेंजची की (बॉटला तुमच्या खात्यात ट्रेड करू देणारी चावी) तिथे कधीच, कुठल्याही कारणाने टाकायची नाही. तिची गरजच नाही, ती बॉटकडे असते, आणि तिच्यात पण विड्रॉवलची परवानगी बंद असली पाहिजे.

सगळ्या पत्त्यांची सुरुवात सारखी, एचटीटीपी, मग १२७.०.०.१ कोलन ८०८०, मग स्लॅश एपीआय स्लॅश व्ही१ स्लॅश, आणि शेवटी कामाचा शब्द. पहिला कामाचा शब्द पिंग. मेथड (रिक्वेस्टचा प्रकार) गेट ठेवा, सेंड दाबा. उत्तर येतं स्टेटस, पाँग. ह्याला पासवर्ड पण लागत नाही.

आणि इथेच निम्मे लोक थांबतात. पाँग आलं, चला, बॉट चालू आहे, झोपा.

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे नेमकं हेच झालं. गावभागात रात्री लाईट गेली, घरात इन्व्हर्टर होता त्यामुळे राऊटर आणि लॅपटॉप दोन्ही चालूच राहिले, पण बाहेरून येणारी नेटची लाईन बंद पडली. मी सकाळी अंथरुणातूनच मोबाईलवरून (ते कसं करायचं ते खाली येईल) घरच्या वायफायवर पिंग मारला, पाँग आलं, स्क्रीन ठेवून चहाला गेलो. आता विचार करा, माझा मोबाईल घरात, लॅपटॉप घरात, मधे राऊटर, ह्या तिघांना बोलायला बाहेरचा नेट लागतच नाही. पाँग खरं होतं. पण बॉटला बाजार दिसतच नव्हता. दुपारी लॉग उघडला तर एका खाली एक वॉर्निंग, आउटडेटेड हिस्टरी फॉर पेअर, लास्ट टिक इज ४१२ मिनिट्स ओल्ड (शेवटचा भाव ४१२ मिनिटं जुना), त्याच्याखाली ४१७, त्याच्याखाली ४२२. स्टॉपलॉस ६ टक्क्यांवर होता आणि नेट आल्यावर पोझिशन (घेतलेलं, अजून न विकलेलं नाणं) ११ टक्के खाली सापडली. रक्कम फार मोठी नव्हती पण तो ४१२ चा आकडा माझ्या डोक्यातून अजून गेला नाही, कारण तो सकाळी ७ ला पण तिथेच होता, मी बघितलाच नव्हता.

म्हणून पिंगचा अर्थ एवढाच घ्या की दार वाजवलं आणि आतून कोणीतरी ओ दिली. ओ देणारा माणूस काम करतोय का झोपेत ओ दिली ते पुढे बघायचं. फ्रेकट्रेडमध्ये एपीआय वेगळ्या थ्रेडमध्ये चालतो आणि ट्रेडिंगचा लूप, म्हणजे बाजार बघून निर्णय घ्यायच्या फेऱ्या, वेगळा, बॉटला स्टॉप केलेलं असलं तरी पाँग येतं.

दुसरी रिक्वेस्ट बनवा, शो अंडरस्कोर कॉन्फिग. ह्याचं उत्तर लांब येतं, घाबरू नका, दोनच ओळी शोधायच्या. एक स्टेट, तिथे रनिंग पाहिजे. स्टॉप्ड असेल तर बॉट जिवंत आहे पण ट्रेड करत नाहीये. हे कधी होतं तर कॉन्फिगमध्ये इनिशियल स्टेट नावाचं सेटिंग असतं, ते लिहिलंच नसेल तर बॉट स्टॉप्ड अवस्थेतच उठतो, आणि लाईट जाऊन आली, मशीन आपोआप चालू झालं, बॉट पण चालू झाला, तरी तो हाताची घडी घालून बसलेला असतो. दुसरी ओळ ड्राय रन. ट्रू असेल तर सगळं कागदावरचं, खोटे पैसे, फॉल्स असेल तर खरे. मला एकाने घाबरून फोन केला होता की बॉट ३ ट्रेड उघडे दाखवतोय आणि एक्स्चेंजच्या ॲपमध्ये काहीच नाही, पैसे गेले का? ड्राय रन ट्रू होतं. उलटा प्रकार जास्त वाईट, टेस्ट चालूये समजून निवांत बसायचं आणि तिकडे ड्राय रन फॉल्स, म्हणून ही ओळ रोज वाचा, एका सेकंदाचं काम आहे.

आता नावामुळे होणारा घोळ. स्टेटस नावाचा एंडपॉइंट आहे आणि प्रत्येकाला वाटतं की बॉटचं स्टेटस बघायला हाच. तसं नाहीये, हा उघडे, म्हणजे घेतलेले पण अजून न विकलेले, ट्रेड दाखवतो. एकही ट्रेड उघडा नसेल तर उत्तरात फक्त दोन चौकोनी कंस येतात, आत काही नाही, आणि माणूस म्हणतो बॉट बंद पडला. बंद नाही पडला, त्याच्याकडे सांगायला ट्रेड नाही एवढंच. बऱ्याच स्ट्रॅटेजी (बॉटला दिलेले घ्यायचे-विकायचे नियम) दोन दोन दिवस काही घेत नाहीत.

ट्रेड असेल तर मात्र स्टेटस नीट वाचायचा, ह्यात भरपूर माल आहे. पेअर कुठली (कुठलं नाणं कशाच्या बदल्यात), ओपन रेट म्हणजे घेतलेला भाव, करंट रेट, स्टेक अमाउंट म्हणजे किती लावले, प्रॉफिट पर्सेंट, आणि स्टॉप लॉस ॲब्स म्हणजे स्टॉपलॉस नेमका कुठल्या भावाला आहे. मी आधी करंट रेट बघतो आणि तोच भाव शेजारी एक्स्चेंजच्या ॲपमध्ये बघतो. दोन्ही जवळपास सारखे असतील तर बॉटला बाजार दिसतोय. फरक मोठा असेल, किंवा करंट रेटच्या जागी नल (म्हणजे रिकामं) आलं असेल, तर बॉट आंधळा झालाय, बाकी काहीही हिरवं दिसत असलं तरी. मग करंट रेट आणि स्टॉप लॉस ॲब्स ह्यांची तुलना. भाव स्टॉपलॉसच्या खाली गेलाय आणि ट्रेड अजून उघडाच आहे असं दिसलं तर तिथेच थांबा आणि लगेच कारण शोधा.

आता मुख्य गोष्ट, हेल्थ. माझ्या मते एकच एंडपॉइंट रोज बघायला वेळ असेल तर हा बघा. ह्यात लास्ट प्रोसेस नावाची वेळ येते, म्हणजे बॉटने शेवटची फेरी कधी पूर्ण केली. बॉट डिफॉल्टला दर ५ सेकंदांनी एक फेरी मारायला बघतो, पेअर जास्त असतील तर जास्त वेळ लागतो, पण ही वेळ आत्ताच्या जवळची पाहिजे. काही सेकंद मागे, ठीक. एखादा मिनिट मागे, परत सेंड दाबून बघा. अर्धा तास मागे असेल तर फेऱ्या बंद आहेत, मग पाँग येऊ दे नाहीतर काही येऊ दे.

इथे ५ तास ३० मिनिटांचा खेळ आहे तो सांगतो. लास्ट प्रोसेस ही वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) येते, शेवटी अधिक ००:०० लिहिलेलं असतं. समजा तिथे ०३:४२:१० आहे आणि तुमच्या घड्याळात ९ वाजून १२ मिनिटं झालीत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं बॉट पहाटे पावणेचारला अडकला. पण ०३:४२ मध्ये साडेपाच तास मिळवा, ०९:१२, म्हणजे बॉट एकदम ताजा. त्याच उत्तरात लास्ट प्रोसेस लोक अशी स्थानिक वेळ पण असते पण ती बॉटच्या मशीनची स्थानिक, तुमची नाही, भाड्याचा सर्व्हर किंवा डॉकर कंटेनर असेल तर तिथलं घड्याळ बहुतेक यूटीसीवरच असतं. म्हणून मी नेहमी यूटीसीच वाचतो आणि साडेपाच मिळवतो, सवय झाली की डोक्यातच होतं. आणि खात्री करायची सोपी युक्ती अशी की सेंड दाबा, मनात वीस आकडे मोजा, परत सेंड दाबा. वेळ पुढे सरकली तर फेऱ्या चालू आहेत, हिशोब करायची पण गरज नाही.

हेल्थ चांगलं आलं तरी लॉग बघायचा, कारण माझ्या त्या सकाळसारखं होऊ शकतं, बॉट फेऱ्या मारतोय पण हातात शिळा डेटा. रिक्वेस्टचा शब्द लॉग्स, आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह, लिमिट, बरोबरचं चिन्ह, ५० असं लावा, म्हणजे शेवटच्या ५० ओळी येतील, नाहीतर ढीग येतो. प्रत्येक ओळीत वेळ, कुठल्या भागाने लिहिली, लेव्हल, आणि मजकूर. इन्फो सोडून द्या. वॉर्निंग वाचा. एरर दिसला तर बाकी सगळं बाजूला ठेवा. इन्फोमध्ये एकच ओळ कामाची, बॉट हार्टबीट, ती डिफॉल्टला साधारण मिनिटाला एकदा येते आणि तिच्यातच स्टेट पण लिहिलेलं असतं. एकच वॉर्निंग एकदा आली तर विशेष नाही, एक्स्चेंज कधी कधी उत्तर द्यायला उशीर करतं, बॉट परत प्रयत्न करतो. तीच वॉर्निंग ओळीने येतेय आणि मिनिटांचा आकडा वाढत चाललाय, हे मात्र सोडायचं नाही.

काउंट आणि प्रॉफिट हे दोन पटकन सांगतो. काउंटमध्ये करंट आणि मॅक्स येतं, म्हणजे ३ पैकी ३ ट्रेड भरलेत का, भरले असतील तर बॉट नवीन काही घेणार नाही, तो बंद नाहीये. प्रॉफिटमध्ये क्लोज्ड आणि ऑल असे दोन आकडे असतात, क्लोज्ड म्हणजे विकून हातात आलेले, ऑलमध्ये उघड्या ट्रेडचा आत्ताचा नफातोटा पण धरलेला. लोक एकमेकांना दाखवताना क्लोज्ड दाखवतात, कारण चांगले ट्रेड लवकर विकले जातात आणि वाईट ट्रेड उघडे राहतात, तुम्ही स्वतःसाठी ऑल बघा. आणि भारतात नफ्यावर ३० टक्के कर आहे, शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस, हे बॉटच्या प्रॉफिटच्या आकड्यात धरलेलं नसतं. दिवसाला वीस वेळा विकणाऱ्या स्ट्रॅटेजीला तो १ टक्का किती खातो हा हिशोब वहीत मांडून बघा, खूप जणांनी तो मांडलेलाच नसतो.

शेवटची तपासणी पोस्टमनमध्ये होत नाही. एक्स्चेंजचं स्वतःचं ॲप उघडायचं आणि बॉट जे सांगतोय ते तिथे आहे का बघायचं. बॉट म्हणतो दोन ट्रेड उघडे, तर तेवढी नाणी तिकडे बॅलन्समध्ये दिसली पाहिजेत. अडतीवर कसं, दिवाणजीच्या वहीत पोती लिहिलेली असतात पण महिन्यातून एकदा गोडाऊनला जाऊन मोजतातच, वही आणि गोडाऊन जुळलं तर ठीक. तुम्ही मधेच हाताने काही विकलं असेल तर बॉटला ते कळलेलं नसतं, तो अजून नाणं आपल्याकडे आहे समजून विकायला जातो आणि लॉगमध्ये बॅलन्स कमी असल्याची ओरड सुरू होते. ज्या खात्यावर बॉट चालतो त्या खात्यात हाताने ट्रेड करू नका, वेगळं सब अकाउंट काढा.

एरर कोडचं पण सांगून ठेवतो, पोस्टमनमध्ये उजवीकडे आकडा येतो. २०० म्हणजे ठीक. ४०१ म्हणजे युजरनेम पासवर्ड चुकला, किंवा टोकन (पासवर्डच्या जागी चालणारी तात्पुरती चावी) वापरत असाल तर त्याची मुदत संपली, ॲक्सेस टोकन १५ मिनिटंच चालतं, मग रिफ्रेश करावं लागतं, म्हणूनच नुसतं बघायला बेसिक ऑथ बरं. ४०४ म्हणजे पत्ता चुकला, बहुतेक वेळा व्ही१ राहिलेलं असतं नाहीतर अंडरस्कोरच्या जागी डॅश पडलेला असतो. ४०५ म्हणजे मेथड चुकली. ५०२ आला तर खाली उत्तरात एरर म्हणून कारण लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय रीस्टार्ट मारू नका. आणि कनेक्शन रिफ्यूज्ड आलं, आकडाच नाही, तर त्या पोर्टवर कोणी बसलेलंच नाही, म्हणजे बॉट बंद आहे किंवा एपीआय चालू केलेला नाही. ह्याच्या उलट नुसतं गोल फिरत राहून टाइमआउट झालं तर बॉटपर्यंत पोचायच्या रस्त्यात अडचण आहे, नेट, व्हीपीएन, फायरवॉल, ते बघा.

४०५ वरून आठवलं, हे फार महत्त्वाचं. नुसतं बघायचं जे काही आहे ते सगळं गेटने होतं. स्टार्ट, स्टॉप, फोर्सएक्झिट, रीलोड कॉन्फिग हे सगळे पोस्टने होतात. त्यामुळे तपासणीच्या कलेक्शनमध्ये फक्त गेटच्याच रिक्वेस्ट ठेवा, पोस्टची एक पण नको, ती वेगळ्या कलेक्शनमध्ये, लांब. फोर्सएक्झिटमध्ये ट्रेड आयडीच्या जागी ऑल पाठवलं की सगळे उघडे ट्रेड त्या क्षणाच्या भावाला विकायला निघतात. मोबाईलवर बसमध्ये धक्के खात असताना अंगठा कुठे पडेल सांगता येत नाही.

बाहेरून बघायचं कसं हा प्रश्न येणारच. विश्रामबागेत घर आणि मिरजेला नोकरी, बॉट घरी, दिवसभर बघणार कसं? राऊटरवर पोर्ट उघडू नका, फ्रेकट्रेडचे स्वतःचे लोक पण हेच सांगतात की एपीआय इंटरनेटवर उघडा सोडू नका. दोन रस्ते आहेत. बॉट भाड्याच्या सर्व्हरवर असेल तर एसएसएच टनेल, कमांडमध्ये मोठा एल आणि पुढे ८०८० कोलन १२७.०.०.१ कोलन ८०८० देऊन लॉगिन केलं की सर्व्हरचा पोर्ट तुमच्या लॅपटॉपवर आल्यासारखा होतो आणि पोस्टमनमधले पत्ते आहेत तेच चालतात. घरी बॉट असेल तर टेलस्केलसारखं व्हीपीएन दोन्हीकडे टाका, मोबाईलवर आणि बॉटच्या मशीनवर, मग मशीनला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो, लिसन आयपीमध्ये तो द्यायचा, आणि डॉकर असेल तर कंपोजच्या पोर्टच्या ओळीत १२७.०.०.१ च्या जागी तो. मग पोस्टमनमध्ये पण तोच वापरायचा. अँड्रॉइडवर एचटीटीपी शॉर्टकट्स म्हणून ॲप आहे, त्यात हेल्थची रिक्वेस्ट सेव्ह करून होमस्क्रीनवर बटण ठेवता येतं, माझ्या मित्राने तेच केलंय, हळदीचे सौदे चालू असताना मधेच एकदा दाबतो आणि वेळ बघून खिशात ठेवतो.

आता तपासणीत बॉट बंद किंवा शिळा सापडला तर काय. रीस्टार्टची घाई करू नका. पहिलं एक्स्चेंजचं ॲप उघडा आणि उघड्या पोझिशन बघा, स्टॉपलॉसच्या खाली गेलेली असेल तर विकायचं का ठेवायचं हा निर्णय आधी तुम्ही घ्या, कारण बॉट उठल्या उठल्या त्याच्या नियमाने विकून मोकळा होईल. विकायचं ठरलं तर बॉटला उठवून त्यालाच विकू द्या, म्हणजे त्याच्या वहीत नोंद बरोबर राहते, अगदीच उठत नसेल तरच हाताने. दुसरं, लॉगच्या शेवटच्या ओळी कॉपी करून ठेवा, नंतर कारण शोधायला लागतात. तिसरं, मशीनवर नेट आहे का आणि घड्याळ बरोबर आहे का बघा, घड्याळ पुढेमागे झालं की एक्स्चेंज रिक्वेस्ट नाकारतं आणि माणूस तासभर पासवर्ड तपासत बसतो. मग रीस्टार्ट. बॉटचे ट्रेड एसक्यूलाइटच्या फाईलमध्ये लिहिलेले असतात त्यामुळे रीस्टार्ट केल्यावर तो विसरत नाही, पण काहीतरी बिघडलंय म्हणून ती फाईल डिलीट केली तर मात्र सगळं विसरतो, आणि तुमची नाणी एक्स्चेंजवर बेवारस पडून राहतात. डॉकरवाल्यांनी कंपोजमध्ये रीस्टार्ट अनलेस स्टॉप्ड आहे का ते पण ह्याच वेळी बघून घ्या, लाईट परत आल्यावर कंटेनर आपोआप उठेल.

उठल्यावर परत तोच क्रम, पिंग, शो कॉन्फिगमध्ये स्टेट आणि ड्राय रन, स्टेटसमध्ये आधीचे ट्रेड परत दिसतात का, करंट रेट ॲपशी जुळतो का, मग हेल्थ दोनदा, मधे वीस आकडे मोजून. दुसऱ्या वेळी लास्ट प्रोसेस पुढे सरकलेली दिसली की लॅपटॉपचं झाकण लावायचं नाही, झाकण लावलं की मशीन स्लीपला जातं, तेवढं सेटिंग आधी बदलून घ्या.